सहा गोळ्यांवरून तीन लाख गोळ्यांचं कसं कळतं?

जुनी बडोदेकर:

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. ३१ वर्षं औषधाच्या कारखान्यांत क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली, त्यातली बरीचशी डिसोल्यूशनच्या, म्हणजे गोळीतलं औषध द्रवात किती विरघळतं ते बघायच्या यंत्रासमोर. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. काचेची सहा भांडी, प्रत्येकात साधारण ९०० मिलिलिटर द्रव, तापमान ३७ अंश, आत फिरणारं पॅडल, आणि भांड्यागणिक एक गोळी. ठरलेल्या मिनिटाला थोडा द्रव काढून त्यात औषध किती उतरलं ते मोजायचं. निकष ८० टक्क्यांचा असेल तर पहिल्या फेरीत पाच टक्के जास्त, म्हणजे सहाच्या सहा गोळ्या किमान ८५ टक्के उतरायला हव्यात. नाही उतरल्या तर आणखी सहा घ्यायच्या. मग बाराची सरासरी ८० हवी आणि एकही ६५ च्या खाली नको. तरीही अडलं तर आणखी बारा. पास झालं की सर्टिफिकेटवर सही, आणि माल गाडीत चढतो.

दिवाळीत भाची आली होती. सयाजीराव विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. मी कौतुकाने माझं काम सांगत होते, आणि तिने विचारलं, "मावशी, सहा गोळ्या तर तू विरघळवून टाकल्यास. त्या कुणाच्याच पोटात जाणार नाहीत. ज्या जाणार आहेत त्या तीन लाखांचं तुला कसं कळलं?"

मी म्हटलं, सगळी बॅच, म्हणजे एका खेपेत बनलेल्या सगळ्या गोळ्या, एकसारखी असते. ती म्हणाली, "हे तुला कशावरून कळलं?" मी म्हटलं, आधीच्या बॅचेसवरून. ती म्हणाली, "म्हणजे त्यांच्याही सहा-सहाच ना?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या सहीवर विश्वास ठेवून किती लोकांनी गोळी घेतली असेल! चूक झाली असं मला वाटत नाही. पण मी जे 'माहीत आहे' म्हणून लिहिलं, ते माहीत होतं का, हा प्रश्न ३१ वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःही नाही.

मग वडिलांच्या कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं. ते संस्कृतचे शिक्षक. आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराची गायकवाड ग्रंथमाला त्यांनी खंडाखंडाने जमवली होती. त्यातला ८७ वा खंड, १९४० चा: जयराशी भट्टाचा 'तत्त्वोपप्लवसिंह'. हा चार्वाक परंपरेतला, साधारण आठव्या-नवव्या शतकातला. पाटणच्या जैन भांडारातल्या ताडपत्री पोथीवरून पंडित सुखलालजी संघवी आणि रसिकलाल परीख यांनी तो संपादित केला. वडील सांगायचे की सुखलालजींची दृष्टी सोळाव्या वर्षी देवीच्या आजारात गेली होती. ज्या ग्रंथात 'डोळ्यांनी पाहिलेलं खरं कशावरून' हा प्रश्न अगदी सुरुवातीला येतो, त्याचं संपादन ज्यांना दिसत नव्हतं त्यांनी केलं. मला हे फार मोठं वाटतं.

माझं संस्कृत शाळेपुरतं. पण शब्दकोश घेऊन बसले आणि पहिल्या काही पानांतच थबकले. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित म्हणतात, खरं प्रत्यक्ष (इंद्रियांनी झालेलं) ज्ञान 'अव्यभिचारी', म्हणजे न चुकणारं असतं. जयराशी विचारतो, ते चुकलेलं नाही हे कळतं कशावरून? ज्या साधनांनी ते झालं ती निर्दोष आहेत म्हणून? की पुढे त्याला बाध आला नाही म्हणून? की त्याप्रमाणे वागल्यावर काम फत्ते होतं म्हणून? तिन्ही वाटा तो एकेक करून बंद करत जातो.

आमच्या लॅबच्या भाषेत पहिली वाट म्हणजे कॅलिब्रेशन (यंत्र प्रमाणाशी ताडून बघणं), दुसरी म्हणजे विरुद्ध रिझल्ट न येणं, तिसरी म्हणजे बाजारातून तक्रार न येणं. मी आयुष्यभर याच तीन खांबांवर उभी होते.

तर मंडळी, मला मनापासून विचारायचं आहे. माझं विज्ञान नेमकं कुठे संपलं आणि कुठून मी तत्त्वज्ञानाच्या उधारीवर सही करत होते?

अलकापुरी:

ताई, धागा आवडला, पण मी विरुद्ध बाजूने बोलणार. मी पंप आणि पाइपलाइनवाला इंजिनिअर. तत्त्वज्ञान अडीच हजार वर्षं तेच प्रश्न विचारतंय. तेवढ्या काळात विज्ञानाने देवीचा रोग पृथ्वीवरून घालवला. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीरही केलं. सुखलालजींची दृष्टी ज्या रोगाने नेली तोच हा रोग. तो कुणाच्या वादविवादाने गेला नाही, लसीने गेला. तुमच्या गोळ्यांनी लोक बरे झाले. याहून वेगळा पुरावा कशाला हवा? जे चालतं ते खरं, आणि जे तपासता येत नाही त्यावर वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दांडियाबाजार:

अलकापुरीसाहेब, 'चालतं म्हणून खरं' हीच जयराशीची तिसरी वाट. नैयायिक तिला प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात. पाणी दिसलं, गेलो, तहान भागली, म्हणजे पाणी दिसलं ते खरं. जयराशी विचारतो, तहान भागली हे ज्ञान तरी न चुकणारं कशावरून? त्यासाठी आणखी एक यश लागेल, मग त्याच्यासाठी आणखी एक. शिवाय देवीची लस पुढच्या माणसावरही चालेल हे तुम्ही मागच्या माणसांवरून सांगता. भाचीचा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला.

युरोपात हा प्रश्न स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या नावाने ओळखला जातो. त्याने तो १७३९ मध्ये मांडला. आपल्याकडे चार्वाकांनी तो व्याप्तीवर, म्हणजे 'जिथे हे तिथे ते' या नियमावर, नेमका रोखला होता. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हे 'जिथे जिथे' तुम्ही पाहिलंत कधी? पाहिलीत ती दहा-वीस स्वयंपाकघरं.

पण मला नैयायिकांचं उत्तर जास्त मोलाचं वाटतं, कारण ते पळ काढत नाहीत. पहिलं म्हणजे ते 'उपाधी' शोधायला सांगतात. 'जिथे अग्नी तिथे धूर' हे खोटं आहे. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. ते ओलं लाकूड म्हणजे उपाधी, नजरेआड राहिलेली अट. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून हुरळू नका, मधे काही लपलंय का ते बघा. आज प्रयोगात 'बाकी सगळं सारखं ठेवा' म्हणतात ते याहून कितीसं वेगळं आहे?

दुसरं उत्तर उदयनाचार्यांचं, दहाव्या शतकातलं. शंकेला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा म्हणजे व्याघात. तुमची शंका तुमच्याच वागण्याच्या आड आली की तिथे ती थांबते. धूर हवा असला की तुम्ही विस्तवच पेटवता, भूक लागली की जेवता. मग अग्नी-धुराच्या संबंधावर शंका घेणारा माणूस स्वतःच्याच कृतीला खोटं पाडतो. यावर बाराव्या शतकात अद्वैती पंडित श्रीहर्षाने उलट विचारलं की व्याघात दाखवायला तरी आधी शंका मान्य करावी लागते, मग तोच तिला थांबवणार कसा? वाद तिथे मिटला नाही. पुढे नैयायिक गंगेशांनी परत उत्तर दिलं.

मांजलपूर:

मी डेटाचं काम करतो, म्हणून जरा आकडे मांडतो. सहापैकी सहा गोळ्या पास झाल्या आणि दुसरं काहीच माहीत नाही असं धरलं, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की बॅचमधल्या नापास गोळ्या ३९ टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. हो, एकोणचाळीस. चोवीसच्या चोवीस पास झाल्या असत्या तरी ही मर्यादा १२ टक्क्यांच्या आसपासच येते.

म्हणजे ताई, तुमच्या सहीचं बळ त्या सहा गोळ्यांत नव्हतंच. ते आलं कुठून?

जुनी बडोदेकर:

मांजलपूर, ३९ टक्के हा आकडा मी दोनदा वाचला आणि कागदावर करूनही पाहिला. बरोबर आहे.

बळ आलं ते प्रक्रियेतून. पावडर मिक्सरमध्ये एकजीव झाली का, हे मिक्सरच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून नमुने काढून बघतात. गोळी दाबताना वजन आणि कडकपणा ठरावीक वेळाने मोजतात. आणि नवीन औषध सुरू करताना सलग तीन बॅचेस जशाच्या तशा निघाल्या तर प्रक्रिया ठीक आहे असं मानायची रीत पडलेली आहे. तीनच का, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "एकदा योगायोग, दोनदा नशीब, तिसऱ्यांदा मानायचं." तेव्हा पटलं होतं.

उपाधीबद्दल वाचून मात्र अंगावर काटा आला. दांडियाबाजार, तुमचं ओलं लाकूड मी प्रत्यक्ष पाहिलंय. जिलेटिनच्या कॅप्सूल जुन्या झाल्या की कधीकधी भांड्यात विरघळेनाशा होतात. जिलेटिनचे धागे एकमेकांत गुंततात आणि वर एक पातळ, न विरघळणारी साल धरते. आम्ही सरळ अर्थ काढायचो: भांड्यात उतरत नाही, म्हणजे पोटातही उतरणार नाही. पुढे संशोधनातून कळलं की तशा पुष्कळ कॅप्सूल पोटात व्यवस्थित विरघळतात, कारण जठरात पेप्सिन असतं आणि ते ती साल पचवतं. आमच्या भांड्यात पेप्सिन नव्हतं. आता अशा वेळी द्रवात पेप्सिनसारखं एन्झाइम घालून परत चाचणी करायची मुभा आहे. 'भांड्यात तसं पोटात' या व्याप्तीला उपाधी होती, आणि ती दिसेपर्यंत किती चांगला माल नापास झाला असेल!

फतेगंज:

शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. जयराशीच्या पहिल्या वाटेबद्दल, म्हणजे साधन निर्दोष असण्याबद्दल, एक गोष्ट सांगतो.

२० मे २०१९ पर्यंत जगातला किलोग्राम म्हणजे पॅरिसजवळ सेव्र इथे ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल होता. त्याच्या जुळ्या प्रती देशोदेशी वाटलेल्या. शंभर वर्षांत मूळ दंडगोल आणि प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रामचा फरक पडलेला आढळला. आता वजन कुणाचं बदललं? मूळ दंडगोल चुकूच शकत नव्हता, कारण किलोग्राम म्हणजे तोच, अशी व्याख्या होती. वर्गात हा प्रश्न टाकला की मुलं पाच मिनिटं गप्प होतात. शेवटी प्लँकचा स्थिरांक, म्हणजे निसर्गातला एक मूलभूत आकडा, ६.६२६०७०१५ × १०⁻³⁴ ज्यूल-सेकंद असा कायमचा ठरवून टाकला आणि किलोग्राम त्याच्यावर बसवला. म्हणजे कुठेतरी कुणीतरी 'हे आता मोजायचं नाही, हे मानायचं' असं ठरवतंच. माझ्या मते तो ठराव हे विज्ञानाच्या घरात बसून केलेलं तत्त्वज्ञान आहे.

आणि अलकापुरीसाहेब, 'तपासता येत नाही ते सोडा' हा सल्ला धोक्याचा आहे, कारण काय तपासता येणार नाही हे आधी कळत नाही. ऑग्युस्त कोंत हा फ्रेंच तत्त्वज्ञ, विज्ञानाचा मोठा कैवारी. १८३५ मध्ये त्याने लिहिलं की तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही. १८५९ मध्ये किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी प्रकाशाच्या रेषांवरून मूलद्रव्यं ओळखून दाखवली. २४ वर्षांत 'कधीच' संपलं.

तसाच आइन्स्टाइन आणि बोर यांचा वाद. मोजण्याआधी कणाला स्वतःचा असा निश्चित गुण असतो का? १९३५ चा तो प्रश्न अनेकांना निव्वळ तत्त्वज्ञान वाटायचा. १९६४ मध्ये जॉन बेलने त्यातून एक असमानता काढली, म्हणजे मोजता येईल असा आकडा. क्लाउझर, आस्पे, झायलिंगर यांनी प्रयोग केले, आणि २०२२ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. दूरवरून तत्काळ परिणाम होत नाही आणि गुण आधीच ठरलेले असतात, या दोन्ही गोष्टी एकत्र धरता येत नाहीत हे प्रयोगाने दाखवलं. पण दोहोंपैकी सोडायचं काय, हे कुठलंही यंत्र सांगत नाही. एका जुन्या प्रश्नाचा अर्धा भाग प्रयोगशाळेत गेला आणि अर्धा अजून बाहेर आहे.

वारसिया:

ताऱ्यांच्या प्रकाशाचा विषय निघालाच आहे तर सूर्यावरचा हीलियम आपल्या विजयदुर्गावरून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने शोधला हेही नोंदवायला हवं. कोकणात मामाकडे जातो तेव्हा आवर्जून तिथे जातो.

फतेगंज:

वारसिया, ही गोष्ट मीही वर्गात सांगायचो आणि नंतर मुलांची माफी मागितली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला गुंटूरला होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होता. त्याने २० ऑक्टोबरला तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या प्रकाशात हीलियमची पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गावर तो आला १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रॅम्झेने १८९५ मध्ये हीलियम पृथ्वीवरही मिळवला होता. विजयदुर्गाचं महत्त्व आहेच, पण ते तीस वर्षांनंतरचं.

वारसिया:

धन्यवाद. वाईट वाटलं, पण बरं झालं कळलं. पुढच्या खेपेला मामांनाही सांगतो. त्यांना माझ्याहून जास्त वाईट वाटेल.

रावपुरा:

सगळे प्रतिसाद वाचले. एक बाजू अजून आली नाही म्हणून लिहिते. याच गावात श्रीअरविंदांनी १८९३ पासून १३ वर्षं नोकरी केली. नंतर सुरतेचं काँग्रेस अधिवेशन झाल्यावर १९०८ च्या आरंभी ते इथे आले आणि योगी विष्णु भास्कर लेले यांच्यासोबत तीन दिवस एका खोलीत बसले. मन पूर्ण शांत झालं, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. ते खरं की खोटं, हे कोणत्या भांड्यात विरघळवून बघणार? स्वसंवेद्य, म्हणजे ज्याचं त्यालाच जाणवणारं, असं काही असतं. माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत मी तिच्या उशाशी बसून जे अनुभवलं त्याचा रिपोर्ट निघणार नाही, पण त्याहून खरं माझ्या आयुष्यात दुसरं काही नाही.

दांडियाबाजार:

रावपुराताई, तुमच्या अनुभवावर कुणी बोट ठेवू शकत नाही. फक्त दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या. 'माझं मन शांत झालं' हे सांगायचा अधिकार ज्याचं मन त्याचाच. पण 'म्हणून जग अमुक आहे' असं त्यातून काढलं की ते अनुमान झालं, आणि मग त्यालाही व्याप्ती लागते, उपाधी तपासावी लागते. बडोद्याच्याच ग्रंथमालेत १९२६ मध्ये छापलेल्या, बौद्ध पंडित शांतरक्षिताच्या 'तत्त्वसंग्रहा'त बुद्धवचन म्हणून एक श्लोक येतो: सोनं जसं तापवून, कापून, कसावर घासून घेतात तसं माझं बोलणं पारखून घ्या, आदरापोटी घेऊ नका. हे सांगणारा स्वतः ध्यानाला बसणारा होता.

रावपुरा:

हे मान्य. मला 'म्हणून जग अमुक आहे' असं म्हणायचंच नव्हतं. आईजवळ बसले होते, एवढंच म्हणायचं होतं.

अलकापुरी:

दोन दिवस विचार केला. फतेगंजसरांचा कोंत मला लागला, मी ते वाक्य मागे घेतो. पण माझी मूळ अडचण तशीच आहे. शंका घेत बसलं तर माल निघणार नाही. आणि न निघालेल्या औषधानेही माणूस मरतो. ताई, तुम्ही रोज कुठेतरी शंका थांबवत होतातच ना? ती कशाच्या जोरावर?

जुनी बडोदेकर:

अलकापुरी, खरा प्रश्न तुम्हीच विचारलात.

एक प्रसंग सांगते. एकदा एक बॅच, पुढच्या गोळ्या घेऊनही, नापास झाली. असा रिझल्ट आला की पहिला संशय मालावर घेत नाहीत, लॅबवर घेतात. यंत्र नीट होतं का, द्रव नीट केला होता का? तपासलं तर त्या दिवशी द्रवातली हवा नीट काढलेली नव्हती. बुडबुडे गोळीला चिकटले की औषधाचं उतरणं बदलतं. कारण लिहून पुन्हा चाचणी केली, पास झाली. पण त्याच महिन्यात दुसरी एक बॅच नापास झाली आणि लॅबमध्ये काहीच चूक सापडेना. वरून फोन आला, "परत लावा ना." मी तेव्हा नवीन होते. परत लावली. पास झाली. सही केली.

आज मला ती सही बोचते. यंत्रावर दोष ढकलायला काही कारण लागतं, आणि माझ्याकडे ते नव्हतं. पहिला आकडा नको होता, एवढंच कारण होतं. पुढे वाचनात आलं की १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयाने नेमका हाच प्रश्न निकालात घेतला: नापास आलेला आकडा, लॅबची चूक दाखवता येत नसताना, पास येईपर्यंत परत परत चाचणी करून पुसता येणार नाही. शास्त्रज्ञ आणि कारखानदार ज्या जागी अडले होते तिथे न्यायाधीशाला बसावं लागलं. आज जगभर नापास रिझल्टची चौकशी त्याच वळणाने चालते.

म्हणून तुम्हाला उत्तर देते. थांबण्याची जागा त्या सहा भांड्यांत सापडत नाही. ८५ का, ८४ का नाही. सहा का, साठ का नाही. चुकीची बॅच बाहेर गेलेली जास्त वाईट की चांगली बॅच अडकलेली, हे कुणीतरी माणसांनी ठरवलंय. मोजणं माझं होतं. कुठे थांबायचं हे दुसऱ्यांनी ठरवलेलं मी न विचारता घेतलं होतं. उदयनाचार्य म्हणतात तसं माझं वागणंच माझी शंका थांबवत होतं, आणि त्या एका दिवशी तर ते वागणंच चुकीचं होतं. वागण्यावरून शंका थांबते हे खरं, पण कसल्या वागण्यावरून, हे विचारणारं कुणीतरी लॅबमध्ये हवं होतं.

मांजलपूर:

ताई, सही केल्यावर त्या बॅचचं पुढे काय होतं? संशय आलाच तर परत बघता येतं का?

जुनी बडोदेकर:

येतं. प्रत्येक बॅचच्या थोड्या गोळ्या बाजूला ठेवतात, कंट्रोल सॅम्पल म्हणून. लॅबच्या मागे एक खोली असते, थंड, अंधारी, जमिनीपासून छतापर्यंत रॅक. आमच्याकडे एक्स्पायरीनंतर आणखी एक वर्ष ते खोके ठेवायचो आणि मग नष्ट करायचो. तक्रार आली की तिथलाच खोका उघडतात.

ती बोचणारी बॅच केव्हाच नष्ट झाली असणार. तिची तक्रार आली नाही, आणि तेवढ्यावरून ती चांगली होती असं मी आता म्हणणार नाही. माझी शेवटची सही असलेला खोका मात्र अजून तिथे आहे. भाचीला तो बघायचाय. बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत, पण जुन्या सहकाऱ्यांना विचारून बघते.